पाण्यातलं उलटं मूल

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मला मास्तरकी मिळाली. गाव घाटंजीच्या पलीकडचं. सकाळी बैलगाडीनं निघालं की दुपारी पोचायचं. मी बावीस वर्षांची होते, यवतमाळात वाढलेली, चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिलेली. बाई शाळेत शिकवते हे त्या गावानं पहिल्यांदाच पाहिलं. सुरुवातीला बाया डोक्यावर घागर घेऊन खिडकीशी थांबत, मी फळ्यावर दोन ओळी लिहीपर्यंत बघत आणि निघून जात.

राहायला खोली मिळाली ती गुरवीणबाईंच्या घरात. त्या पन्नाशीच्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावाच्या तळ्याच्या पाळीवर, काठच्या बांधावर, देवीचं लहान देऊळ होतं. त्याची झाडलोट आणि दिवाबत्ती त्यांच्याकडे असे. आणखी एक काम त्या करत, आणि गावात त्यांचा मान होता तो त्या कामामुळे. देवळातलं चित्र त्या लोकांना सांगत.

देवळाच्या मंडपाच्या तीन भिंतींवर हे चित्र होतं. नागपूरकर भोसल्यांच्या काळात कुणी काढवून घेतलं असावं. चित्रातल्या घोड्यावरच्या माणसाची पगडी त्या काळातलीच होती. गेरू, काजळी, नीळ आणि एक पिवळा रंग, एवढ्यातच सगळं काम. धुरानं ते काळवंडलेलं होतं, ओलीनं फुगलेलं होतं आणि जागोजाग पोपडे पडले होते. तरी दाराशी उभं राहिलं की चित्रातली माणसं एकदम अंगावर यायची. त्यांचे डोळे मोठे होते आणि पापण्या काढलेल्याच नव्हत्या.

मी राहायला गेले त्याच आठवड्यात गुरवीणबाईंनी मला चित्र दाखवलं. हातात निंबाची लांब काडी होती.

"हा राजा पाहा. यानं हे तळं खणाले घेतलं. हे खणणारे, ह्या टोपल्यावाल्या बाया. वर्सानुवर्स खणलं, पण पाणी काई लागेना. हा बगळा पाहा कसा मान टाकून उभा हाये, तळ्यात मासोळी नाई म्हणून. मंग जोश्यानं सांगतलं का देवी जीव मागते."

काडी पुढच्या भिंतीवर गेली. तिथे भगवी वस्त्रं घातलेला एक गोसावी होता. त्याच्या खांद्याला झोळी, आणि झोळीच्या तोंडातून एका मुलाचं डोकं बाहेर आलेलं.

"राजा आपलं लेकरू कायले देईन? तवा हा गोसाई आला. कोणाचं तरी लेकरू झोळीत घालून आणलं. ही त्याची माय. पाहा, केस मोकळे सोडून छाती पिटून राह्यली. हा राजा गोसायाच्या हातावर झारीनं पाणी सोडते. सौदा झाला. आन हे..." काडी थांबली. "हे लेकरू पाण्यात."

शेवटच्या भिंतीवर तळं होतं, निळं, कमळांनी भरलेलं. त्यात एक मूल होतं. डोकं खाली, पाय वर.

"उलटं टाकलं त्याले," गुरवीणबाई म्हणाल्या. "तवापासून या तळ्याचं पाणी आटलं नाई."

त्यांनी हात जोडले. मीही जोडले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

नवस फेडायला येणाऱ्या बाया तळ्यात पिठाचं लहानसं बाळ सोडत. ज्वारीची पायली, तुरीची डाळ, लुगड्याचा तुकडा गुरवीणबाईंना मिळे. गोष्ट ऐकताना बाया पदर तोंडाला लावत आणि आपली मुलं जवळ ओढून घेत. मुलांना मात्र गोसाव्याचीच भीती. रडणाऱ्या पोराला आया म्हणत, "थांब, झोळीवाल्याले बलावतो." माझ्या वर्गातल्या एका पोरीनं गोसाव्याच्या डोळ्यांत कोळसा घासला होता, त्यानं आपल्याला पाहू नये म्हणून.

पुढच्या वर्षी शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. ते देवळात गेले, चित्र पाहून हळहळले. म्हणाले, "बाई, ही भिंत आणखी चार पावसाळे धरत नाही. तुम्हाला हात आहे. जमेल तसं कागदावर उतरवून ठेवा." त्यांनीच यवतमाळहून जाड कागद आणि रंगाच्या वड्या पाठवून दिल्या.

उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी गेले नाही. सकाळची उन्हं दारातून आत येत तेवढा वेळ मंडपात बसून मी एकेक माणूस उतरवत असे. चित्र पाहणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. उतरवताना प्रत्येक बोट मोजून काढावं लागतं, पाऊल कुठल्या दिशेला आहे ते बघावं लागतं. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की लोक गोष्ट मधूनच सुरू करतात. देवळाचं जुनं दार कधीतरी बुजवलेलं होतं. आता लोक बाजूच्या दारानं आत येत आणि समोर दिसेल तिथून सांगायला लागत. जुन्या दारातून आत आल्यावर डाव्या हाताला पहिली लागते ती केस मोकळे सोडलेली बाई. तिच्यामागे वाळलेलं झाड आणि हाडं दिसणारी गाय. मग झोळीतलं मूल. घोडेस्वार, ज्याला गुरवीणबाई राजा म्हणत, आणि खोदकाम त्याच्या नंतर.

म्हणजे मूल आधी आलं आणि तळं मागून खणलं गेलं.

मला याचा अर्थ लागेना. मग मी शेवटच्या भिंतीशी आले. पाण्यातलं उलटं मूल उतरवायला घेतलं आणि ते जिथे संपतं तिथे, काठाच्या रेषेवर, मला आणखी काहीतरी दिसलं. बरोबर त्याच्या वर भिंतीचा ताटाएवढा पोपडा गेलेला होता. पोपड्याच्या खालच्या कडेला दोन लहान पावलं उरली होती, चिंचोक्याएवढी. ती काठावर उभी होती, आणि पाण्यातल्या मुलाचे तळवे त्यांच्या तळव्यांना टेकलेले होते.

मी मागे सरकले आणि सगळं तळं पुन्हा पाहिलं. काठावर एक आंबा होता आणि त्याच्याखाली पाण्यात उलटा आंबा. काठावर बगळा, खाली उलटा बगळा. चितारी मोठ्या हौसेनं पाण्यातली सावली काढत गेला होता. मूल कुणी पाण्यात टाकलं नव्हतं, ते काठावर उभं होतं. वरचं मूल पोपड्याबरोबर गेलं आणि खाली त्याची सावली तेवढी राहिली.

मी गुरवीणबाईंना हाक मारली. त्यांनी पावलं पाहिली. मी त्यांना हाताला धरून बाहेर तळ्याच्या पायऱ्यांवर नेलं. वारा नव्हता. पाण्यात आम्ही दोघी उलट्या उभ्या होतो, पायाला पाय लावून.

त्यांनी एक पाय उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "तुमचं खरं असंन बाई. पण माह्या सासूनं मले जसं सांगतलं तसं मी सांगतो. बाया दाणे आणतात ते या गोष्टीले आणतात. सावलीले कोण दाणे देते?"

मी पाटलांकडेही गेले. पाटील म्हणजे गावचे सरपंच. शाळेला खोली त्यांनीच दिलेली, माझ्याशी नेहमी अदबीनं बोलत. त्यांनी माझा कागद उन्हात धरून पाहिला.

"चित्र लय झकास उतरवलं बाई. पण गावाले हे सांगत बसू नका. या गावाची आब हाये त्या लेकराच्या जिवावर. तुमी म्हनता का असं काई झालंच नाई. मंग आमी पूजा कोणाची करून राह्यलो?"

मी कागद गुंडाळून घेतला. मुलांना मात्र मी वर्गात सांगितलं. त्यांना तळ्यावर नेलं, काठावर ओळीनं उभं केलं. ती उलटी होऊन हसत राहिली, पाण्यातल्या स्वतःला वेडावत राहिली. घरी गेल्यावर त्यांचं कुणी ऐकून घेतलं असेल असं मला वाटत नाही.

महाराष्ट्र झाला त्या सुमाराला गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचं धरण बांधायचं काम निघालं. मुरूम फोडायला सुरुंग लागत. कामावर बाहेरगावची माणसं आली, जंगलातल्या पोडांवरचे कोलाम आदिवासी आले, तांड्यावरचे लोक आले. नाल्याकाठी पालं पडली. पहिल्याच पावसाळ्यात धरणाची ओली भिंत एका दुपारी घसरली आणि तिच्याखाली एक मजूर आणि त्याची बायको गाडली गेली. त्यांना उकरून काढलं तेव्हा मी तिथे होते. बाईच्या हातात टोपलीची कडी तशीच होती.

दिवाळीनंतर भिंत पुन्हा उभी केली तर ती पुन्हा खचली. या वेळी कुणी दगावलं नाही, पण पालांमधून कुजबुज सुरू झाली. धरण जीव मागतं. मोठ्या माणसाच्या जिवानं त्याचं भागत नाही, त्याला लेकरू पाहिजे. कंत्राटदारानं झोळीवाले सोडले आहेत. अमक्या गावातून एक पोरगं गेलं, तमक्या बाजारातून दोन गेली. कुणाचं गेलं हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नसे.

आणि मग लोक चित्राकडे येऊ लागले. यापूर्वी कधी देवळाची पायरी न चढलेली पालांवरची माणसंही येत. गुरवीणबाईंची काडी दिवसभर चाले. मी शाळेतून परत येताना मंडपात गर्दी असे आणि त्यांचा आवाज ऐकू येई, "आन हे लेकरू पाण्यात." गर्दीत बाया नव्हत्या, पुरुष होते. ते पदर तोंडाला लावत नव्हते. ते गोसाव्याचा चेहरा पाहून घेत होते.

"तुम्ही निदान आता तरी सांगू नका," मी गुरवीणबाईंना म्हणाले.

"मी न सांगून काय होते? त्यायले सारी पाठ झाली."

शाळेत निम्मी मुलं येईनाशी झाली. जी येत त्यांना बाप काठी घेऊन पोचवत आणि काठी घेऊन न्यायला येत.

घाटंजीचा बाजार होता त्या दिवशी गावातली बरीच माणसं सकाळीच गेली होती. मधल्या सुटीत शाळेच्या ओट्यावर एक म्हातारा येऊन बसला. भगवा फेटा, अंगात मळकी कफनी, कानात शिंगाची मुद्रा. छातीशी फडक्याची झोळी बांधलेली आणि तिच्यात तीन-चार वर्षांची मुलगी. मला भीती वाटली, पण त्याची नव्हे. त्याच्यासाठी.

"माय, घोटभर पाणी भेटन का? नातीले ताप हाये. घाटंजीच्या दवाखान्यात घेऊन चाललो."

मी तांब्या दिला. त्यानं आधी मुलीच्या ओठांना पाणी लावलं, फडकं ओलं करून तिच्या कपाळावर ठेवलं आणि मग स्वतः प्यायला. मुलीचे डोळे अर्धे मिटलेले होते. अंगाला हात लावला तर भाजत होतं.

"हिची आई?"

"बाळंतपणात गेली. बाप सुरुंगाच्या कामावर गेला परभणीकडे, त्याचा पत्ता नाई. माह्याच जवळ असते पोरगी."

मी म्हणाले, "बाबा, गावातून जाऊ नका. लोकांची डोकी फिरलीत. इथेच थांबा, शाळा सुटली की मी गाडी बघते."

त्यानं मान हलवली. "तवरक पोरगी राह्यली पाह्यजे ना माय. दवाखाना बंद होईन." तो उठला. "मले कोण काय करते? मी बुढा मानूस."

मी वर्गातल्या मोठ्या मुलाला कोतवालाकडे पिटाळलं, या माणसाला शिवेपर्यंत सोबत करा म्हणून. कोतवाल बाजारात गेलेला होता.

तो निरोप घेऊन मुलगा परत आला तेवढ्यात तळ्याच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला.

झालं ते असं. त्या सकाळपासून पालांवरचा एक मुलगा सापडत नव्हता. त्याची आई नाल्याच्या काठानं हाका मारत फिरत होती. पाळीवरून जाणारा भगवा फेटा तिला दिसला आणि झोळीतून बाहेर लोंबणारा लहान पाय दिसला. तिनं किंकाळी फोडली. खोदकामावरची माणसं हातातली फावडी-टिकाव घेऊन धावत आली, मागून गावातली.

मी पोचले तेव्हा त्यांनी त्याला देवळात नेलेलं होतं. मंडपात, चित्रातल्या गोसाव्याच्या शेजारी, भिंतीला टेकवून उभं केलेलं. एक जण त्याची हनुवटी वर धरून होता. फेटा पडला होता. डोक्यावरचे थोडे पांढरे केस घामानं चिकटले होते. त्याचा आणि चित्रातला चेहरा लोक आळीपाळीनं पाहत होते. मुलगी एका बाईनं ओढून घेतली होती. ती तिच्या काखेत आजोबांकडे हात करून रडत होती.

"पोट्टी माही हाये," म्हातारा सारखा एवढंच म्हणत होता. "नात हाये माही. इचारा तिले."

कुणीतरी गुरवीणबाईंना पुढे ढकललं. "सांगा तुमी. हाच का नाई?"

त्यांच्या हातात काडी नव्हती. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग त्या माणसांच्या हातांकडे. मी बाहेरून ओरडत होते, "त्याची नात आहे! मी बोललेय त्याच्याशी! मुलीला ताप आहे, तिला बघा!" माझ्या पुढच्या माणसानं मागे न बघता कोपरानं मला दूर केलं. "बाई, तुमी भायेरच्या. तुमी मंधात पडू नका."

गुरवीणबाई अगदी हळू बोलल्या, पण आत शांतता होती म्हणून मला ऐकू आलं.

"दिसते तर तसाच."

पहिला घाव कुणी घातला ते मला दिसलं नाही. मी ते पुढे कोर्टातही सांगितलं की मला दिसलं नाही. जे दिसलं त्यातलं बरंचसं इथे लिहिणार नाही. मी त्या बाईच्या काखेतून मुलगी हिसकावली, तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं आणि पळाले. मागून आवाज येत होते, आणि मग त्याचा आवाज यायचा थांबला तरी बाकीचे येत होते.

पाटील बाजाराहून आले तेव्हा सगळं संपलं होतं. ते मंडपाच्या दाराशी उभे राहिले आणि कमरेचं काहीतरी शोधत असावेत तसे उगाच धोतर चाचपत राहिले. मग त्यांनी माणूस पाठवून पोलीस बोलावले, एवढं मात्र केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरवलेला मुलगा परत आला. मामाच्या गाडीत बसून तो बाजाराला गेला होता आणि तिथून मामाच्याच गावी राहिला होता. तोंडात पत्र्याची शिट्टी होती. ती वाजवत तो पालांकडे धावत गेला. त्याच्या आईनं त्याला छातीशी धरलं नाही. ती दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसली, आणि तो शिट्टी वाजवायचा थांबेना.

पोलिसांनी पंचनामा केला, माणसं धरून नेली. ते गेल्यावर गावकीची बैठक झाली आणि असं ठरलं की जे काही घडलं ते चित्रामुळे घडलं. दोन माणसांनी घमेल्यात चुना कालवला. मी पाटलांसमोर उभी राहिले.

"भिंतीनं काय केलंय? तिच्यावर चुना फासून काय होणार?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पोरायच्या ध्यानात राहू नाई, म्हणून."

पांढरा हात एकदा फिरला, मग दुसरा. घोडेस्वार गेला, टोपल्यावाल्या गेल्या. गोसाव्याच्या अंगावर तीन हात द्यावे लागले, कारण भगवा रंग खालून वर येत होता आणि त्याच्या शेजारी भिंतीवर आणखीही काही होतं.

मुलगी माझ्या खोलीत होती. घाटंजीचे डॉक्टर पोलिसांबरोबर आले तेव्हा त्यांनी औषध दिलं, ताप उतरला. ती बोलत नसे. गुरवीणबाई तिच्यासाठी कण्या शिजवून आणत, ताटली उंबऱ्यावर ठेवत आणि आत न येता परत जात. एका दुपारी त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"बाई, तुमी ते पाय दाखवले मले, तवा मी काई बोलली नाई."

"हं."

"मी लग्न होऊन या घरात आली तवा वरचं लेकरू होतं भिताडावर. आख्खं होतं. लाल टोपडं होतं त्याले, आन हात असा वर केलेला. मी नवी नवरी, मले लय आवडे ते. दिवा लावताना मी त्याले पाहो. मंग एका पावसाळ्यात पडलं."

मी ताटली आत ओढून घेतली.

"सासू तवाही हेच सांगे का लेकरू पाण्यात टाकलं. मी एकडाव म्हटलं, आत्याबाई, ते तर काठावर उभं हाये. तिनं माह्या तोंडात मारली." गुरवीणबाईंनी पदरानं नाक पुसलं. "मंग मीही तसंच सांगाले लागली. सांगता सांगता मले वाटलं का वर कधी काई नव्हतंच."

"आणि त्या दिवशी? तो म्हातारा तसाच दिसत होता का?"

"नाई," त्या म्हणाल्या. "भिताडावरचा तर जवान होता."

त्या उठून गेल्या. माझ्या मनात त्यांच्याविषयी त्या वेळी फक्त संताप होता. आज तो उरलेला नाही, पण त्याच्या जागी दुसरं काही आलं आहे असंही म्हणता येत नाही.

म्हाताऱ्याची माणसं त्याच आठवड्यात आली; दोन बाया आणि एक तरुण. पोलिसांनी त्यांना शोधून काढलं होतं. गावात शिरायला ती तयार नव्हती, शिवेबाहेरच्या चिंचेखाली थांबली. मी मुलीला कडेवर घेऊन गेले. त्यांतली म्हातारी, मुलीची मावशी लागणारी, पुढे आली. मुलीनं तिला ओळखलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "आजा?" तिनं विचारलं. मावशीनं तिला झोळीत घातलं नाही, पदराखाली झाकून घेतलं. तरुण मला म्हणाला, "बाई, तुमी कोर्टात बोलान का? का आमच्यासारखंच तुमालेही इथून उठावं लागन?"

"बोलेन," मी म्हणाले.

आणि मी बोलले. खटला यवतमाळला चालला. साक्षीदार म्हणून गावातली आठ-दहा नावं होती. एकेक जण पिंजऱ्यात चढायचा आणि आपण बाजारात गेलो होतो असं सांगून उतरायचा. गुरवीणबाईंना बोलावलं तेव्हा त्या नुसत्या रडत राहिल्या. त्यांना बसवून ठेवलं आणि मग घरी पाठवलं. मी म्हाताऱ्याशी झालेलं बोलणं सांगितलं, पाणी दिल्याचं सांगितलं, मंडपात कोण कोण उभं होतं ते सांगितलं. आरोपींच्या वकिलानं विचारलं, "बाई, घाव कुणी घातला ते पाहिलं का?" मी नाही म्हणाले. "मग तुम्ही नेमकं काय पाहिलं?" याचं उत्तर मी देत असताना त्यांनी हात वर करून मला थांबवलं. दोघांना शिक्षा झाली, बाकीचे सुटले. शिक्षा झालेल्या दोघांपैकी एक तर नुसता हनुवटी धरून उभा होता.

गावात परतल्यावर शाळेच्या माठात पाणी भरायला कुणी येईना. दूध बंद झालं. मारझोड केली नाही, शिवी दिली नाही. मी रस्त्यानं निघाले की ओट्यांवरची माणसं आत जात. पाटलांनी एकदा निरोप पाठवला, बाई, तुमच्यासाठी मीच वर लिहून बदली मागितली आहे, गैर समजू नका. मला उमरखेडकडे ढाणकीला पाठवलं. गाडी निघाली तेव्हा वर्गातली दोन मुलं पाळीपर्यंत मागे आली आणि तिथून परत फिरली.

ढाणकीला मी बरीच वर्षं होते. मधे एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गासाठी नागपूरला गेले तेव्हा माझे कागद सोबत नेले. तिथल्या एका संग्रहालयात जुन्या चित्रांचा अभ्यास करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी कागद टेबलावर ओळीनं मांडले, मी सांगितलं तसे, जुन्या दारापासून.

"दुष्काळ आहे हा," ते म्हणाले. "गाय, झाड पाहा. त्या काळी दुष्काळात आईबाप मुलं गोसाव्यांच्या मठात देत. निदान खायला मिळे. हे मूल चेला आहे. आणि गोसावी म्हणजे नुसता भिकारी समजू नका. भोसल्यांच्या राज्यात त्यांच्याकडे पैसा असे, घोडी असत. घोडेस्वार झारीनं हातावर पाणी सोडतोय, ते उदक. जमीन दान देतोय. त्या जमिनीवर गोसाव्यानं तळं बांधलं. शेवटी चेला तळ्याच्या काठावर उभा आहे. सरळ गोष्ट आहे."

"आणि ही बाई? ही छाती पिटते आहे ना?"

त्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. "हात छातीवर आहे. पिटतेय म्हणा, नाही तर मूल नुकतंच सुटलंय म्हणून तिथे हात राहिलाय म्हणा. चित्रकारानं सांगितलेलं नाही." मग भिंग ठेवून त्यांनी दौत पुढे ओढली. "गावातले लोक याची काय गोष्ट सांगत? आम्ही तीही लिहून ठेवतो."

मी खुर्चीवर बसले. गुरवीणबाई सांगत ती गोष्ट आधी सांगितली. ते लिहीत होते. ती संपल्यावर त्यांनी टाक पुसायला घेतला, तेव्हा मी म्हणाले, थांबा, अजून आहे. आणि शाळेच्या ओट्यावर येऊन बसलेल्या म्हाताऱ्यापासून सांगायला सुरुवात केली.